लगद्यात पुण्य कालवू नका

घरातल्या रद्दीचा लगदा करून हाताने शुभेच्छापत्रं बनवणाऱ्यांवर एक आक्षेप हल्ली बऱ्याच तोंडून ऐकू येतो. आक्षेप घेणारा माणूस बहुधा शिकलेला, हिशेबी आणि बोलायला सभ्य असतो. तो म्हणतो, तुम्ही मिक्सर फिरवता त्याला वीज लागते, टबभर पाणी लागतं. तीच रद्दी रद्दीवाल्याला दिली असती तर ती कागद गिरणीत गेली असती आणि तिथे तिचा तुमच्यापेक्षा चांगला कागद झाला असता. शिवाय शुभेच्छा द्यायला आता फोन आहेच. तेव्हा पर्यावरणाच्या नावाने चाललेला हा रिकामपणाचा उद्योग आहे. फार तर उन्हाळी शिबिरात पोरं गुंतवून ठेवायला ठीक.

मी अशी कार्डं करते, आणि हा आक्षेप मला चुकीचा वाटतो. पण त्यातला अर्धा भाग खरा आहे. तो आधी मोकळेपणाने मान्य करते, कारण आमच्या बाजूची मंडळी तेवढं कधी करत नाहीत.

एका कार्डाला कागद लागतो किती? १४८ बाय २१० मिलिमीटरचा ताव मधोमध दुमडला की हातात मावेल असं कार्ड होतं. चौरस मीटरला २०० ग्रॅम असा जाडसर कागद धरला तर त्या तावाचं वजन सव्वासहा ग्रॅमच्या आसपास येतं. दहा कार्डं म्हणजे बासष्ट ग्रॅम. वर्तमानपत्राचा कागद चौरस मीटरला ४५ ग्रॅमच्या घरातला असतो, आणि सोळा पानी अंक तोलून पाहिला तर तोही साधारण तेवढाच भरतो. म्हणजे दिवाळीला दहा घरी कार्डं पाठवून आपण ‘वाचवली’ ती एका सकाळच्या पेपराएवढी रद्दी. आणि ती वाचवायची तरी कोणापासून? ती वाया जाणार नव्हतीच. भारतातल्या कागदाचा फार मोठा भाग रद्दीपासूनच बनतो, आणि इथली रद्दी गिरण्यांना पुरत नाही म्हणून दरवर्षी लाखो टन रद्दी परदेशातून आणली जाते. स्वच्छ, कोरड्या कागदाला आपल्याकडे पूर्वीपासून गिऱ्हाईक आहे. पुण्यात १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली, तिच्या नावातच पहिला मान कागदाला आहे. कागद वेचून, निवडून, विकून हजारो बायकांनी संसार चालवले. आपण एका दुपारी लगदा ढवळून या साखळीत जे करतो ते जमेला धरण्याइतकंही नसतं.

तेव्हा ‘कार्ड करा, झाड वाचवा’ असं प्रदर्शनातल्या फलकावर लिहिणाऱ्यांनी तो फलक उतरवावा. कागद वाचवायचाच असेल तर त्याला लगद्याची गरज नाही. पाठकोरे कागद आहेत. गांधीजी आलेली पाकिटं उलगडून त्यांच्या कोऱ्या बाजूवर मजकूर लिहीत. त्याला मिक्सर लागत नाही, पाणी लागत नाही, आणि प्रदर्शनही भरवावं लागत नाही. ज्याची एक बाजू कोरी आहे असा कागद लगद्यात टाकणं ही उधळपट्टीच आहे, आणि हे मी आमच्याच लोकांना सांगते आहे.

आता आक्षेपाचा उरलेला अर्धा भाग.

विजेचं आधी उरकून टाकू, कारण ते सोपं आहे. साडेसातशे वॅटचा मिक्सर दोन मिनिटं फिरवला तर २५ वॅट-तास वीज जाते, म्हणजे युनिटचा चाळिसावा हिस्सा. दोन हजार वॅटचा गिझर पाऊण मिनिटात तेवढीच वीज खातो. आक्षेप घेणारे गृहस्थ अंघोळीला किती वेळ घेतात ते मला माहीत नाही, पण पाऊण मिनिटात बाहेर येत नसावेत. पाणी टबभर लागतं हे खरं. मात्र तेच पाणी पुढच्या तावाला चालतं, त्याच्या पुढच्यालाही चालतं. ज्या हिशेबाने आमचं पुण्य उडून जातं त्याच हिशेबाने आमचं पापही उडून जातं. दोन्ही चिमूटभर आहेत.

मग प्रश्न उरतो तो असा: हा हिशेब फक्त आम्हालाच का विचारतात? शनिवारी पहाटे पुण्याहून गाडी काढून सिंहगड चढायला जाणाऱ्याला पेट्रोलचा जाब कोणी विचारत नाही. संक्रांतीला मांज्याची रिळं संपवणाऱ्याला, दर दोन वर्षांनी नवा कॅमेरा घेऊन पक्षी टिपणाऱ्याला, घरात मत्स्यालय ठेवून रात्रंदिवस पंप चालवणाऱ्याला कोणी म्हणत नाही की बाबा रे, यातून जगाचा काय फायदा ते सिद्ध कर. तो त्यांचा छंद असतो, आणि छंद म्हटलं की हिशेब थांबतो. कागद, कात्री, डिंक, लगदा यांच्यापाशी आलं की मात्र तो सुरू होतो. मला यामागे एकच कारण दिसतं. हे काम घरात होतं, स्वयंपाकघराच्या ओट्यावर होतं आणि बहुतेक वेळा बायका-मुलं करतात. अशा कामाने आधी आपली उपयुक्तता सिद्ध करावी, मग आनंद घ्यावा, अशी आपल्याकडची जुनी समजूत आहे. आणि आम्हीही बावळटासारखं पर्यावरणाचं प्रमाणपत्र काढून दाखवलं. ते खोटं निघाल्यावर बोलणी खाणं आलंच. मुळात प्रमाणपत्र मागणाऱ्याला ‘का म्हणून?’ असं विचारायला हवं होतं. घरी लोणचं घालणाऱ्या बाईला कोणी विचारत नाही की कारखान्याची बरणी यापेक्षा स्वस्त पडते, मग हा खटाटोप कशाला.

दुसरी गोष्ट अशी की टाकून दिलेल्या वस्तूंचा कागद करणं ही आजच्या पर्यावरणवाद्यांची टूम आहे असं हे टीकाकार धरून चालतात. त्यांनी कागदाचा इतिहास चाळावा. चीनमध्ये इसवी सन १०५ मध्ये त्साय लुन या दरबारी अधिकाऱ्याने कागद करण्याची रीत सम्राटापुढे मांडली असं तिथल्या बखरी सांगतात, आणि त्या रीतीतला माल होता झाडाची साल, तागाचे तुकडे, चिंध्या आणि मासेमारीची जुनी जाळी. पुढे युरोपातही एकोणिसाव्या शतकापर्यंत कागद चिंध्यांचाच होता. लाकूड घासून त्याचा लगदा करायची युक्ती १८४०च्या दशकात निघाली आणि ती पसरल्यावर झाड कापून कागद करणं हीच जगरहाटी झाली. म्हणजे कागदाच्या जवळपास दोन हजार वर्षांच्या आयुष्यात नव्या लाकडाचा काळ दीडेकशे वर्षांचा, त्याआधीचा काळ बऱ्याच अंशी टाकलेल्या वस्तूंचा.

आपल्याकडचे कागदी, म्हणजे कागद करणारे कारागीर, हेच करत. दौलताबादहून खुलताबादला जाताना कागजीपुरा हे गाव लागतं. महंमद तुघलकाने १३२७ साली राजधानी दौलताबादला हलवली तेव्हा कारागिरांबरोबर कागद करणारेही आले, असं तिथे सांगतात. जुने दोर, गोणपाट, ताग चुन्याच्या पाण्यात भिजवायचे, पायाने चालवायच्या जड दांड्याने कुटायचे, हौदातल्या लगद्यातून गवताच्या काड्यांच्या जाळीवर एकेक ताव उचलायचा, भिंतीला चिकटवून वाळवायचा, खळ लावायची आणि मग गुळगुळीत दगडाने घोटून घोटून त्याला तुळतुळीत करायचं. पुण्याच्या पेशवे दफ्तरातले मोडी कागद आज दोन-अडीचशे वर्षांनी वाचता येतात ते अशा कागदामुळे. जुन्नरी आणि दौलताबादी कागदाचा त्या काळी लौकिक होता. दोराच्या आणि चिंध्यांच्या तंतूंत लाकडापेक्षा लिग्निन कमी असतं, चुन्यामुळे आम्लही राहत नाही, म्हणून तो कागद टिकतो. गेल्या पावसाळ्यातलं वर्तमानपत्र खिडकीत राहिलं तर दिवाळीपर्यंत पिवळं होऊन कडकड मोडायला लागतं.

मात्र इथेही आमच्या लोकांनी उगाच मोठा आव आणू नये. वर्ध्याला १९३४ साली ग्रामोद्योग संघ निघाला, तिथल्या मगनवाडीत संघ चालवणाऱ्या कुमारप्पांनी हातकागदाला जागा दिली. पुण्याच्या शिवाजीनगरात १९४० साली हातकागद संस्था उभी राहिली आणि सुती चिंध्यांपासून उत्तम कागद करू लागली. त्या सगळ्यांपुढचा प्रश्न गावातल्या माणसाच्या हाताला काम मिळण्याचा होता. आपण जेवणं आटोपल्यावर करतो त्याला ग्रामोद्योग म्हणणं बरं नव्हे. चिंध्यांचा लगदा घरच्या मिक्सरमध्ये होतही नाही. सुती धागा सुटा करायला कुटायचं यंत्र लागतं. आपला कच्चा माल म्हणजे आधीच एकदा, कित्येकदा दोन-तीनदा कागद होऊन गेलेला तंतू.

या कामातलं माझं सगळ्यात आवडतं प्रकरण इथून सुरू होतं, आणि टीकाकारांना ते ठाऊकच नसतं. कागद करायला बसलं की कागद ओळखावा लागतो. औषधाचं खोकं फाडून पाहा: बाहेरून पांढरं, गुळगुळीत, आतून राखाडी. ते राखाडी अंग रद्दीचंच असतं, बाहेरचा पांढरेपणा वरून चढवलेला. त्याचा लगदा मऊ होतो पण ताव पुठ्ठ्यासारखा ठिसूळ निघतो, कारण तंतू आखूड झालेले असतात. कागद एकदा वाळला की त्याच्या तंतूतली सूक्ष्म छिद्रं मिटतात. पुन्हा भिजवला तरी तो पहिल्याइतका फुगत नाही, शेजारच्या तंतूला पहिल्यासारखा धरत नाही. म्हणून नुसत्या रद्दीचं कार्ड दुमडीवर भेगाळतं. त्यात चांगल्या वहीचे, दोन्ही बाजूंनी लिहून संपलेले कागद मिसळले की जीव येतो. अंड्यांचा ट्रे ही तर आयती देणगी आहे, तो मुळात लगदाच असतो. तासभर भिजत ठेवला की हाताने विरघळतो आणि त्याचा मातकट राखी रंग इतका देखणा असतो की वर काही करावंच लागत नाही. कागद कात्रीने कापण्यापेक्षा फाडलेला बरा, कारण फाटताना तंतू सुटे होतात आणि कापताना तुटतात. कार्यालयातल्या श्रेडरमधून निघालेली शेवयांसारखी रद्दी दिसायला तयार माल वाटते, पण तिचा ताव कमकुवत निघतो तो याच कारणाने.

आणि काय टाकायचं नाही हेही इथेच कळतं. दुकानाची, एटीएमची गुळगुळीत पावती थर्मल कागदाची असते. उष्णता लागली की काळं व्हावं म्हणून तिच्यावर रसायनांचा थर असतो आणि त्यात बऱ्याचदा बिस्फेनॉल असतं. युरोपीय संघाने जानेवारी २०२०पासून या पावत्यांमधल्या बिस्फेनॉल-ए या प्रकारावर कडक मर्यादा घातली आहे. नखाने ओरखडा काढल्यावर काळी रेघ उमटली तर ती पावती लगद्यात जाता कामा नये. रद्दीवाल्याच्या ढिगातही ती जाऊ नये. गृहस्थहो, तुम्ही जी रद्दी ‘योग्य ठिकाणी’ पाठवता म्हणून आम्हाला उपदेश करता, त्या गठ्ठ्यात अशा पावत्या, दुधाची प्लास्टिक-अस्तराची खोकी आणि लग्नपत्रिका किती असतात ते कधी पाहिलंत?

लग्नपत्रिकेचं तर वेगळंच दुखणं. तिच्यावर प्लास्टिकची पातळ पापुद्री असते, सोनेरी वर्ख असतो, कधी मखमलीची पूड असते. पाण्यात दोन दिवस ठेवा, ती जशीच्या तशी. वरची पापुद्री सोलून निघाली तर आतला जाड कागद उत्तम असतो, नाही निघाली तर पत्रिका कशाच्याच कामाची नाही. त्यात वर गणपती! मराठी घरात गणपतीचं चित्र कोणी केराच्या डब्यात टाकत नाही. ते कापून ठेवतात, कपाटाच्या खणात साठतं, आणि एक दिवस निर्माल्यकलशात जातं. मिक्सरमध्ये तर ते घालायची हिंमत मला अजून झालेली नाही. मी ती चित्रं नव्या कार्डावर चिकटवते आणि ज्या घरी पुढचं लग्न ठरलं असेल तिथे पाठवते. माझ्या ओळखीच्या एका घरात एकच गणपती असा फिरत फिरत तिसऱ्या लग्नाला पोचला आहे.

म्हणजे हा उद्योग करणारा माणूस आपल्या घरातल्या कचऱ्याकडे जितक्या बारकाईने पाहतो तितकं दुसरं कोणी पाहत नाही. त्यातून जग वाचत नाही. पण ज्याने एकदा पत्रिकेची पापुद्री सोलली आहे तो स्वतःच्या मुलीची पत्रिका छापताना छापखान्यात ‘लॅमिनेशन नको’ असं सांगेल, अशी शक्यता तरी असते.

फोनचा मुद्दा मला फारसा गंभीर वाटत नाही. दिवाळीच्या पहाटे शंभर जणांना एकाच वेळी ढकललेली पणती कोण बघतं? बघणारा ती पुढच्या शंभरांना ढकलतो. कार्ड एकालाच जातं. वीस ग्रॅमच्या आतलं साधं पाकीट पाच रुपयांच्या तिकिटात जातं आणि कार्ड-पाकीट मिळून तेवढं वजन भरत नाही. ज्याला हे महाग वाटतं त्याने फोनच वापरावा. माझी तक्रार नाही.

माझी खरी तक्रार टीकाकारांपेक्षा आमच्याकडच्या उत्साही लोकांवर आहे, कारण कार्डाची अब्रू त्यांनी अधिक घालवली. घरचा कागद म्हणून ज्या वस्तू भेट दिल्या जातात त्यांतल्या कितीतरी पाहवत नाहीत. जाड, ओबडधोबड, वाकडा पापड. त्यावर पेन टेकवलं की शाई फुटते. देणारी म्हणते, ‘हातचं आहे ना, म्हणून.’ अहो, कागजीपुऱ्यातला कागदही हातचाच होता. खळ न लावता कागद लिहायला दिला असता तर त्या कागद्याला गिऱ्हाइकाने दारात उभं केलं नसतं. तांदळाची पातळ पेज गाळून ब्रशने दोन्ही अंगांना लावा, ताव पुरता वाळू द्या, मग स्टीलच्या वाटीच्या बुडाने किंवा नदीतल्या गोट्याने घोटा. शाई फुटायची थांबते. ओला ताव फडक्यांच्या घड्यांत ठेवून वर पाटा चढवा, म्हणजे पाणी निघून तो सपाट आणि घट्ट होईल. कडक उन्हात टाकू नका, वळतो. यात अवघड काही नाही, फक्त ‘टाकाऊ होतं, त्यामानाने छान झालं’ या कौतुकावर थांबायचं नाही.

बियांच्या कागदाचंही तसंच. तुळशीचं, झेंडूचं बी लगद्यात पसरायचं आणि कार्ड मिळालं की कुंडीत पुरायचं, ही कल्पना गोड आहे. पण ताव वाळायला दोन-तीन दिवस लागले तर बी तावातच फुगून मोड धरतं, जोरात दाबला तर चिरडतं, आणि दोन पावसाळे खणात पडून राहिलं तर बहुधा उगवत नाही. पाच रुपयांच्या झेंडूच्या पुडीचं काम पन्नास रुपयांच्या कार्डाकडून करून घेण्यात कुठली बचत आहे ते मला कळलेलं नाही.

आणि शाळा! ‘टाकाऊतून टिकाऊ’ या मथळ्याखाली दरवर्षी जे चालतं ते पाहून टीकाकारांची मला कीव येते. त्यांना खरं भक्ष्य सापडलेलंच नाही. प्रकल्पाची तारीख आली की स्टेशनरीच्या दुकानात आइस्क्रीमच्या कोऱ्या काड्यांचं पाकीट मिळतं, कोणीही न चाटलेल्या काड्यांचं. फोमच्या रंगीत शीट मिळतात, डिंकाची बंदूक मिळते, चमकी मिळते. आई रात्री अकरापर्यंत बसते, मूल झोपलेलं असतं. सकाळी टाकाऊतून टिकाऊ वस्तू शाळेत जाते, तिला गुण मिळतात, आणि आठवड्याने ती खरोखरीची टाकाऊ होऊन येते, कारण आता तिच्यावर प्लास्टिकची चमकी चिकटलेली असते आणि तिच्यातला कागद रद्दीवालाही घेत नाही. ही चमकी म्हणजे प्लास्टिकचा चुराच असतो. युरोपीय संघाने ऑक्टोबर २०२३पासून सुट्या प्लास्टिक चमकीच्या विक्रीवर बंदी घातली. आपल्याकडे ती हस्तकलेच्या तासाला लागते.

हे बंद करायला कायदा नको, स्पर्धेच्या नियमांत एक ओळ पुरे. प्रत्येक वस्तूशेजारी तिच्यासाठी विकत आणलेल्या सामानाचं बिल मांडायचं आणि बिलाच्या रकमेइतके गुण कापायचे. शून्य रुपयांचं, अंड्याच्या ट्रेचं, पेजेची खळ लावून घोटलेलं कार्ड मग आपोआप पहिलं येईल. बिलं मात्र परीक्षकांनी नंतर वेगळी काढावीत. ती थर्मल कागदाची असतात.